भुईमुगाच्या तेलातील आम्लता आणि शोषक माती

इ. स. 1945 मध्ये तेव्हाच्या पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, अमळनेर येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. पुढे हीच कंपनी 'विप्रो' या नावाने प्रसिद्ध झाली. आरंभी ती वनस्पती तूप तयार करीत असे आणि तेलशुद्धीत निघणाऱ्या दुय्यम पदार्थापासून '787' नावाचा कपडे धुण्याचा साबणही करीत असे. तुपाच्या कारखान्यात साबण का निघतो, हे समजले म्हणजे खळ्यात शेंगा नीट वाळविण्याचे मोलही ध्यानात येते.

आम्लता कशी उत्पन्न होते?

तेल हे ग्लिसरीन व मेदाम्ले यांच्या संयोगाने बनलेले असते. शेंगदाण्यात हा संयोग तोडणारे एक विकर असते. दाणा अखंड व कोरडा असेपर्यंत त्याचे काम मंद चालते. दाणा फुटला, भिजला किंवा त्यावर बुरशी आली की मेदाम्ले सुटी होऊ लागतात. त्यामुळे तेल लवकर धुरावते, खवट होण्याकडे झुकते आणि शुद्धीकरणात त्याची घट वाढते.

आम्लता कशी मोजावी?

प्रयोगशाळेत 10 ग्रॅम तेल उदासीन केलेल्या गरम अल्कोहोलमध्ये घेऊन त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब घालतात. नंतर कॉस्टिक सोड्याचे दशांश नॉर्मल द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. टिकाऊ गुलाबी रंग येण्यास 7 मिलिलिटर द्रावण लागले, तर 7 ला 0.1 व 28.2 यांनी गुणून 10 ने भागावे. उत्तर 1.97 येते, म्हणजे तेलात सुमारे 2 टक्के मुक्त मेदाम्ले आहेत.

सोड्याचे काम व मातीचे काम

अशा 100 किलो तेलातील 2 किलो आम्लाशी संयोग होण्यास हिशेबाने सुमारे 284 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. प्रत्यक्षात थोडा अधिक घालतात. आम्लाचा साबण बनून तो खाली बसतो. त्याच्याबरोबर काही चांगले तेलही जाते. म्हणून घट 2 किलोंवर थांबत नाही. साबणाचे मूळ हेच होय.

यानंतर तेल धुऊन, सुकवून त्यात बेंटोनाइटच्या जातीची शोषक माती घालतात. ही माती आम्लाने संस्कारित केलेली असते. त्यामुळे तिच्या कणांचा पृष्ठभाग फार वाढतो. साधारणतः तेलाच्या अर्धा ते दोन टक्के माती घालून ते 100 अंश सेल्सिअसच्या सुमारास निर्वात पात्रात ढवळतात व गाळतात. रंगद्रव्ये, उरलेला साबण व खवटपणाची द्रव्ये मातीच्या पृष्ठभागास चिकटून राहतात.

येथे एक गैरसमज टाळावा. ही माती मुक्त मेदाम्ले फारशी ओढून घेत नाही. ती ओढून घेण्यास मॅग्नेशियम सिलिकेटसारखे अल्कधर्मी खनिज लागते; तळणाचे तेल सुधारण्यास त्याचा उपयोग करतात. तेव्हा आम्लता काढण्याचे मुख्य काम सोड्याचेच. शिवाय वापरलेली माती आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक तेल धरून ठेवते. तिचा ढीग हवेत आपोआप पेट घेऊ शकतो. म्हणून तो उघड्यावर ठेवू नये.

जे माती काढू शकत नाही

बुरशीने दाण्यात अफलाटॉक्सिन हे विष तयार होते. 1960 साली इंग्लंडमध्ये दूषित भुईमुगाची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यावरून या विषाचा शोध लागला. सोडा व माती यांनी तेलातील विष जवळजवळ नाहीसे होते. परंतु विषाचा मोठा भाग पेंडीतच राहतो आणि ती पेंड गोठ्यात जाते. घाणीच्या कच्च्या तेलासही हे संस्कार होत नाहीत. म्हणून बुरशीचे दाणे घाणीला देऊ नयेत व जनावरांनाही घालू नयेत.

शेतकऱ्यांनी काय करावे?

1. पीक पक्व होताच काढावे. काढलेले वेल पावसात पडू देऊ नयेत.
2. शेंगा पातळ थरात पसरून वारंवार हलवाव्यात. दाण्यातील ओलावा 8 टक्क्यांखाली आणावा. शेंग हलविली असता दाणा खुळखुळला पाहिजे.
3. फोडणी सोपी व्हावी म्हणून शेंगांवर पाणी शिंपडू नये.
4. फुटके, सुरकुतलेले व बुरशीचे दाणे वेचून वेगळे करावेत.
5. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत.

ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी काढणीपूर्वी गावात हे प्रत्यक्ष करून दाखवावे. जी आम्लता कारखान्यात सोडा, माती, इंधन व तेलाची घट सोसून काढावी लागते, ती बहुतांशी खळ्यातील उन्हानेच टाळता येते.