घोटा मुरगळला की मोडला?

बंगळूरच्या शिवाजीनगर भागात बसस्थानकाकडून रसेल मार्केटकडे चालत जाणाऱ्यास नजर पायांखाली ठेवावी लागते. गटारांवर बसविलेल्या दगडी लाद्या कोठे हलतात, कोठे खचलेल्या असतात. अशा लादीच्या कडेवर पडलेले पाऊल आत वळते आणि शरीराचा सारा भार घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर येतो. मनुष्य कळवळून खाली बसतो, भोवती माणसे जमतात आणि हाड मोडले की नाही याचा निवाडा तेथल्या तेथे होऊ लागतो.

हा निवाडा बहुधा दोन खुणांवरून केला जातो. दोन्ही फसव्या आहेत. बोटे हलतात म्हणजे हाड शाबूत आहे, ही पहिली समजूत. परंतु बोटे हलविणारे स्नायू पोटरीत व पावलात असतात. घोट्याचे हाड मोडल्यावरही ते आपले काम करू शकतात. दुसरी खूण सुजेची. हाडांना परस्परांशी बांधणारे चिवट अस्थिबंध नुसते फाटले, तरी थोड्याच वेळात मोठी सूज येऊ शकते. उलट हाडाला चीर गेली असतानाही सूज बेताचीच राहू शकते.

मग पाहावे काय? वाचकाने आपल्याच घोट्यावर हात ठेवून पाहावे. दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे लागतात. बाहेरचा आतल्यापेक्षा किंचित खाली व मागे असतो. कॅनडातील ओटावा येथे इयन स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला नियम याच उंचवट्यांवर आधारलेला आहे. उंचवट्याच्या टोकावर, किंवा त्याच्या मागच्या कडेने वर सहा सेंटिमीटरपर्यंत, हाड दाबल्यावर दुखत असेल. अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढावे. लंगडत टाकलेली पावलेही चालतात. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी असलेले टोक आणि आतल्या बाजूस कमानीच्या वरचे हाड यांचीही अशीच परीक्षा करावी. यांपैकी काहीच आढळले नाही, तर मोठा अस्थिभंग असण्याचा संभव फारच थोडा.

नियमास अपवाद आहेत. जुन्या मधुमेहाने पायाची संवेदना बोथट झालेला रुग्ण मोडलेल्या पायावरही चालू शकतो. मद्य घेतलेल्या मनुष्याच्या सांगण्यावरही विसंबता येत नाही. अशांना डॉक्टरांकडेच न्यावे. घोटा वेडावाकडा दिसत असेल, जखमेतून हाड दिसत असेल, बोटे गार, निळसर वा बधिर झाली असतील, तर चार पावलांची परीक्षा घेण्यात वेळ दवडू नये. पाय आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधावा आणि रुग्णालय गाठावे.

आपल्याकडे मात्र पहिली धाव पुष्कळदा हाडवैद्याकडे असते. आंध्र प्रदेशातील पुत्तूरच्या परंपरेचे नाव सांगणाऱ्या पाट्या बंगळुरातही दिसतात. औषधी लेप आणि बांबूच्या पट्ट्या यांनी साधी मोड जुळून येतही असेल. धोका दोन गोष्टींत आहे: मोड असताना चोळणे, आणि सुजणाऱ्या पायावर घट्ट बंधन. सूज वाढते, बंधन मात्र सैल होत नाही. रक्तप्रवाह अडला तर बोटे सडू लागतात. बंधन कोणीही घातलेले असो, बोटांचा रंग बदलला की ते तत्काळ सोडले पाहिजे. हे डॉक्टरांच्या प्लास्टरलाही लागू आहे. शिवाजीनगरच्या रहिवाशास तर दूर जाण्याचेही कारण नाही. १८६२ ते १८७० या काळात म्हैसूरचे कमिशनर असलेल्या ल्यूइन बाउरिंग यांचे नाव धारण करणारे सरकारी रुग्णालय याच वस्तीत आहे.

हाड शाबूत ठरले, तर पाय उशीवर उंच ठेवावा, हलका पट्टा बांधावा, दुखऱ्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे धरावा. तेलाचे मर्दन पहिले काही दिवस टाळावे. पूर्वी आठवडेच्या आठवडे अंथरूण धरण्यास सांगत. आता सोसेल तितके चालणे लवकर सुरू करतात. पाच-सात दिवसांनंतरही पाय टेकवत नसेल, तर पुन्हा तपासून घ्यावे. वेदना ओसरल्यावर भिंतीजवळ, दुखावलेल्या एकाच पायावर अर्धा मिनिट उभे राहण्याचा सराव रोज करावा. फाटलेल्या अस्थिबंधाबरोबर घोट्याचा तोलही गेलेला असतो, आणि तो परतला नाही तर तोच पाय पुन्हा मुरगळतो.