आधी निरोगी पक्षी ओळख

वडूज

चि. मुक्तास,


पक्ष्यांच्या रोगांवरच संशोधन करायचं तू ठरवलंस, हे ऐकून मला फार आनंद झाला. जनावरांचा डॉक्टर म्हणून जन्म काढल्यामुळे थोडं सांगतो.

पक्षी-संशोधक फराह इश्तियाक यांचं काम मुळातून वाच. १९९७ साली शहाद्याजवळ रानपिंगळा ११३ वर्षांनी पुन्हा सापडला. पुढे त्याच्या आवाजाच्या नि वागण्याच्या अभ्यासात त्या होत्या. पक्ष्यांच्या हिवतापाकडे त्या नंतर वळल्या. आधी पक्षी, मग त्याचा रोग, हा क्रम मला मोलाचा वाटतो. इथल्या येरळवाडीच्या तलावावर रोहित पक्षी आले की जाऊन बस. चोच उलटी धरून पाणी गाळणारा धडधाकट पक्षी डोळ्यांत भरला असेल, तरच पिसं फुगवून कडेला उभा राहिलेला तुला वेगळा दिसेल.

रक्ताची काचपट्टी स्वतः करायला शीक. थेंब पातळ ओढायचा, वाळवायचा, मिथेनॉलने पक्का करायचा, मग जिम्साने रंगवायचा. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं. हिवतापाचा परजीवी त्याला खेटून बसलेला दिसतो. अर्थात तो दिसला म्हणजे पक्षी त्यानेच मेला, असं नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासोबत राहिलेले पक्षी बहुधा तगतात. हवाई बेटांवरच्या पक्ष्यांची त्याच्याशी कधी गाठच पडली नव्हती. बाहेरून डास आणि परजीवी आले आणि कित्येक जाती संपल्या. तू उत्क्रांती शिकलीस, त्या अभ्यासाचा खरा कस इथे लागेल.

आणि गिधाडं विसरू नकोस. भरतपूरला संशोधक विभू प्रकाश यांनी त्यांची घट नोंदवली, तेव्हा संशय साथीच्या रोगावर होता. २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून कळलं, की गुरांना ताप-सूज आली की तेव्हा टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक मढ्यातून गिधाडांच्या पोटात जातं नि मूत्रपिंडं निकामी करतं. २००६ साली आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. नुसता विषाणूच शोधत राहिलं असतं, तर हाती काय लागलं असतं?

मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नकोस, आधी पशुसंवर्धन खात्याला कळव. नवापूरचा २००६ चा बर्ड फ्लू मी विसरलेलो नाही. सुट्टीत आलीस की शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जाऊ, तिथे शवविच्छेदन नीट बघून घे. नोकरीच्या काळजीने तुझे बाबा हैराण आहेत. त्यांच्याशी मी बोलतो, तू संशोधनाचा अर्ज भरून टाक.

तुझा,
काका