‘असतं तर’चं इंग्रजी

मृग लागला की मेहकरच्या शिवारात एकच वाक्य ऐकू येतं : ‘पाऊस पडला तर सोयाबीन पेरू.’ हेच वाक्य वर्गात इंग्रजीत करायला द्या. निम्मी मुलं ‘इफ इट रेन्ड’ अशी सुरुवात करतील. मराठीत ‘पडला’ आहे, म्हणून त्यांनी भूतकाळ घेतला. पण हा ‘पडला’ पुढच्या पावसाविषयी बोलतो आणि तो पाऊस खरोखर येऊ शकतो. अशा शक्य गोष्टीला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ लागतो : ‘इफ इट रेन्स, वी विल सो सोयाबीन.’ ‘रेन्ड’ ऐकलं की इंग्रजी माणसाला वाटेल, यांना पावसाची फारशी आशा उरलेली नाही.

म्हणून इंग्रजीकडे वळण्याआधी मराठी वाक्य नीट पाहा. गोष्ट घडू शकते, की नुसती कल्पना आहे? खूण सोपी आहे. दोन्ही भागांत ‘असता, असती, असते’ आलं, तर ती कल्पना. वरची पेरणी इथेच बाजूला काढा.

आता काळ ठरवा. ही पायरी बरेचदा गाळली जाते, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी ट्रॅक्टर घेतला असता’ हे वाक्य आजचं आहे की गेल्या हंगामातलं? मराठी ते सांगत नाही, संदर्भावर सोडून देते. इंग्रजीत मात्र दोन्हींचे साचे वेगळे आहेत. तेव्हा वाक्याच्या सुरुवातीला पेन्सिलीने ‘आज’ किंवा ‘तेव्हा’ लिहा, मगच पुढे जा.

‘आज’ असेल तर ‘इफ’च्या भागात साधा भूतकाळ आणि दुसऱ्या भागात ‘वुड’ व क्रियापदाचं मूळ रूप. मेहकरला रेल्वे नाही. त्यावरून वाक्य करा : ‘इफ मेहकर हॅड अ रेल्वे स्टेशन, वी वुड गो टू नागपूर बाय ट्रेन.’ इथला ‘हॅड’ कालची गोष्ट सांगत नाही. स्टेशन आज नाही, एवढंच सांगतो. ‘मी सरपंच असते तर’ यासाठी ‘इफ आय वेअर द सरपंच’ लिहा. बोलताना लोक ‘वॉज’ही म्हणतात, पण परीक्षेत ‘वेअर’च ठेवा.

‘तेव्हा’ असेल तर ‘इफ’च्या भागात ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप, दुसऱ्या भागात ‘वुड हॅव’ आणि पुन्हा तिसरं रूप. उदाहरण गावातलंच घ्या. शारंगधर बालाजीची मूर्ती 1888 मध्ये जमिनीखाली सापडली. इंग्रज ती लंडनला नेणार होते, म्हणून लोकांनी घाईने प्रतिष्ठापना केली, असं गावात सांगतात. मग वाक्य होतं : ‘इफ द पीपल हॅड नॉट इन्स्टॉल्ड द आयडल, द ब्रिटिश वुड हॅव टेकन इट टू लंडन.’

कधी कारण तेव्हाचं असतं आणि परिणाम आजचा. जवळच्या लोणारला अशनी आदळला आणि बसाल्ट खडकात सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. त्याचं वाक्य : ‘इफ द मीटिओराइट हॅड नॉट फॉलन, देअर वुड बी नो लेक अॅट लोणार टुडे.’ पहिला भाग ‘तेव्हा’चा, दुसरा ‘आज’चा. पेन्सिलीची खूण इथे दोन्ही भागांवर वेगवेगळी करावी लागते. हे वाक्य ज्याला जमलं, त्याला बाकीची जड जाणार नाहीत.

‘इफ’च्या भागात ‘वुड’ घालू नका. मराठीत ‘असते’ दोन्हीकडे येतं, म्हणून हात आपोआप ‘वुड’ही दोनदा लिहितो. वाक्य पुरं झालं की तेवढ्यासाठी एकदा वाचा. ‘इफ’ आधी आला असेल तर मध्ये स्वल्पविराम द्या, नंतर आला तर नको.

शेवटी पडताळा. प्रत्येक वाक्यापुढे ‘बट’ लावून खरी गोष्ट म्हणा : ‘बट वी डोन्ट हॅव अ स्टेशन’, ‘बट दे इन्स्टॉल्ड इट’. खरी गोष्ट वर्तमानकाळात निघाली, तर ‘इफ’च्या भागात साधा भूतकाळ हवा, भूतकाळात निघाली, तर ‘हॅड’ आणि तिसरं रूप. शिवाय खऱ्या वाक्यात नकार असेल तर कल्पनेत होकार हवा, आणि होकार असेल तर नकार. जुळलं नाही, तर पेन्सिलीने लिहिलेला शब्द पुन्हा तपासा.