काठी आधी घे

चि. सोनू,



तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. दिव्यांगांच्या कामात यायचंय, पण तुलाही रेटिनायटिस पिगमेंटोसा निघालाय हे तिथे कुणाला कळू द्यायचं नाही, म्हणतेस. हा आजार आपल्या घरातला. लपवायची खोडही बहुधा माझीच.

आधी रातांधळेपणा, मग बाजूचं दिसणं जातं. मधलं बरीच वर्षं टिकतं, तिथेच फसायला होतं. पेपर वाचता येतो आणि पायापुढची बादली लाथाडली जाते. मीही दोन वर्षं घडीची पांढरी काठी पिशवीत मेथीच्या जुडीखाली दडवून फिरले. एका संध्याकाळी पूर्ण अंध असलेल्या आजोबांना दाखल्याच्या कामासाठी पालघरला नेऊन परत आणत होते. वसई रोडच्या पुलावरून उतरताना अंधारलेलं. त्यांनी माझं कोपर धरलेलं. शेवटची पायरी मला दिसलीच नाही. मी कठड्याला धरून सावरले. ते गुडघ्यावर आपटले. धोतर झटकत म्हणाले, "बाई, तुम्हालाही दिसत नाही हे सांगितलं असतंत, तर मी माझी काठी टेकत आलो असतो."

राग नव्हता आवाजात. तेच जास्त लागलं.

थोडं दिसतंय तोवर काठी वापरायला शीक.

आणि कामासाठी सरकारी कचेरीत गेलीस की साहेबांपुढे रडगाणं नको, हक्क माग. अडचण सांगितली की तिथले लोक मला महाबळेश्वरच्या भावेश भाटियांचं उदाहरण देतात. दृष्टी गेल्यावर त्यांनी मेणबत्त्या विकल्या, पुढे कितीतरी अंधांना रोजगार दिला. माणूस मोठाच. पण उदाहरण देणाऱ्याला आपल्याच ऑफिसची उंच पायरी खटकत नाही! २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, अल्पदृष्टी त्यातच. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. हे तोंडपाठ हवं. महापालिकेत अर्ज दिलास की पोच घे, शिक्का आणि तारीख तिथेच कुणाकडून तरी वाचून घे. वाचून दाखवा म्हणायची लाज धरू नकोस. आपल्या वसईत फादर दिब्रिटोंसोबत हरित वसईच्या आंदोलनात रस्त्यावर उतरलेले बागायतदारही दया नाही, हक्कच मागत होते.

रविवारी ये. तुझ्यासाठी काठी मागवायची आहे. ती छातीच्या हाडापर्यंत यावी लागते, तेव्हा चपला घालून जमिनीपासून तेवढं माप घे आणि कळव.

तुझी,
आत्या