ॲल्युमिनियमचे ओतीव काम

राजगुरुनगरहून पुण्याकडे निघाले की वाटेत चाकण लागते. चाकण-पिंपरीच्या भागात मोटारींचे कारखाने आहेत. मोटारीचे पुष्कळ भाग ॲल्युमिनियम ओतून बनवतात. ओतलेला भाग मग लेथवर कातावा लागतो. त्याला भोके व आटे पाडावे लागतात. अशी कामे घरच्या शेडात लेथ बसवूनही करता येतात.

आम्ही शाळामास्तर. लेथ आम्ही चालवत नाही. पण आमच्या हाताखालून गेलेली मुले या धंद्यात आहेत. त्यांच्याजवळ बसून जे शिकलो, ते इथे सांगतो.

ॲल्युमिनियम मऊ, त्यात काय अवघड, असे वाटते. पण मऊ धातूच जास्त फसवतो. माल परत आला की मजुरी बुडते अन् गिऱ्हाईकही तुटते. म्हणून अडचण ओळखायला शिकावे.

टूलला धातू चिकटतो. कातताना टूलचे टोक तापते. कीस तिथे चिकटून थर बसतो. मग टूल कापत नाही, ओरबाडते. काम खरबरीत होते. अशा वेळी टूल काढा, थर साफ करा, धार चांगली पाजळा. लेथचा वेग लोखंडाच्या कामापेक्षा जास्त ठेवा. ब्रशने थोडे रॉकेल किंवा कटिंगचे तेल लावा. रॉकेलजवळ विडी पेटवू नका.

माप चुकते. ॲल्युमिनियम तापले की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. १०० मिलीमीटरचा भाग २० अंशांनी तापला, तर सुमारे ०.०५ मिलीमीटर वाढतो. गरम असताना माप बरोबर येते, निवल्यावर कमी भरते. म्हणून शेवटचा हात मारण्याआधी काम निवू द्या, मगच मापा.

गोल भोक वाकडे होते. भाग पातळ असला आणि चकात फार आवळला, तर तो दबतो. चकात असताना भोक गोल दिसते. सोडले की भाग मूळ जागी येतो अन् भोक गोल राहत नाही. आधी जाड काप घ्या. मग चक थोडा सैल करून हलके आवळा आणि बारीक काप घ्या.

टॅप तुटतो. भोकात कीस अडकला की टॅप अडतो. जोर केला की तुटतो. तुटका टॅप काढताना सगळा भाग वाया जाऊ शकतो. ६ मिलीमीटरच्या नेहमीच्या आट्याला ५ मिलीमीटरचे भोक लागते. टॅपला तेल लावा. थोडा पुढे फिरवा, जरा मागे घ्या, म्हणजे कीस मोडतो.

आत पोकळी निघते. हा दोष कातणाराचा नसतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. वितळलेल्या धातूत ओलाव्यामुळे वायू शिरतो. धातू थिजताना तो सुटू पाहतो आणि बारीक भोके राहतात. अशी भोके दिसली की काम थांबवा. भाग बाजूला ठेवा आणि माल देणाऱ्याला लगेच दाखवा. भोक लपवून बुजवू नका. पुढे ते उघडे पडले, तर दोष तुमच्या माथी येईल.

आता जिवाची काळजी. लेथ चालू असताना कीस हाताने काढू नका. लेथ बंद करून ब्रशने काढा. फिरत्या कामाजवळ हातमोजे घालू नका. डोळ्यांवर चष्मा ठेवा. ॲल्युमिनियमचा बारीक भुगा पेटला, तर त्यावर पाणी टाकू नका. कोरडी वाळू हलक्या हाताने पसरा.

शेवटी एक सांगतो. अडचण आली की चार गोष्टी एकदम बदलू नका. एकच बदला आणि काय झाले ते पाहा. तुम्हाला आता लिहिता येते. लेथजवळ एक वही ठेवा. तारीख, कोणते काम, कोणता वेग, काय बिघडले, काय केल्याने सुधारले, एवढे लिहा. किती भागांत पोकळी निघाली, तेही लिहा. मजुरीचा हिशेब करताना तोंडच्या शब्दापेक्षा वहीतला आकडा उपयोगी पडतो.

प्रश्न
१. गरम काम का मापू नये?
२. पोकळी दिसली तर काय करावे?
३. तुमच्या कामाची आजची नोंद तीन ओळींत लिहा.