राग ओकणारे, राग गिळणारे

प्रश्न : मी चिडले की भांडून मोकळी होते. नवरा मात्र चार-चार दिवस अबोला धरतो. त्यांना राग येतच नाही का?

उत्तर : येतो, ताई. फक्त तो आत जातो. मग जेवण अर्धवट टाकून उठणं, जबडा आवळलेला, रात्रभर कूस बदलणं. अशा वेळी ‘बोला ना, काय झालं?’ म्हणून पिच्छा पुरवलात, तर ते आणखी मिटतील. तासभर जाऊ द्या, पण बोलायची वेळ आधीच ठरवून घ्या.

आणि भांडून मन मोकळं होतं, हा समज तपासा. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला मनात आणून पंचिंग बॅगवर राग काढणारे जास्तच चिडलेले आढळले. त्यांच्या अबोल्याचा तुम्हाला धाक वाटत असेल, तर मात्र वाट न पाहता समुपदेशकाला भेटा.