बरगड्या मोजून हृदयाचा ठोका शोधणे

विच्छेदन, ऊतिशास्त्र आणि भ्रूणविज्ञान यांचा अभ्यास कसून होतो. आतले अवयव कातडीवरून ओळखायला शिकवणारी पृष्ठीय शरीररचना मात्र मागे पडते, आणि रुग्णाजवळ रोज तीच लागते. नव्या विद्यार्थ्यानं सुरुवात छातीपासून करावी.

रुग्णाला विचारून, आडोसा करून छाती उघडी करा. पाठ ४५ अंशांत टेकवा, हात चोळून गरम करा. आधी फक्त पाहा: श्वासाबरोबर दोन्ही बाजू सारख्या हलतात का, डावीकडे कुठे उडी दिसते का.

आता मोजणी. पहिली बरगडी गळ्याजवळच्या आडव्या हाडामागे दडलेली असते, म्हणून तिच्यापासून मोजू नका. गळ्याखालच्या खळग्यात बोट ठेवा आणि छातीच्या मधल्या हाडावरून सरळ खाली घसरवा. साधारण ५ सेंटीमीटरवर आडवा उंचवटा लागतो. त्याला दुसरी बरगडी जोडलेली असते. आत श्वासनलिका दुभागते तीही याच पातळीला. हा उंचवटा बोटाला नीट कळेपर्यंत पुढे जाऊ नका; इथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

उंचवट्यावरून बोट डावीकडे न्या. हाडाच्या कडेला खालच्या बरगड्या दाटीनं येतात, म्हणून थोडं बाहेर सरकून मोजा: दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. पाचवीखालची फट म्हणजे पाचवी जागा. आडव्या हाडाच्या मध्यावरून खाली कल्पनेनं रेघ ओढा. स्तनाग्रावर विसंबू नका, त्याची जागा माणसागणिक बदलते. रेघेच्या किंचित आत, पाचव्या जागेत, आधी सपाट तळवा आणि मग एकच बोट ठेवा. ठोका स्पष्ट लागतो ती सर्वांत खालची आणि बाहेरची जागा पक्की करा.

लागला नाही तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा. पण कुशीवर हृदय सरकतं, म्हणून तिथली जागा नोंदवू नका. तरीही नसेल तर उजवीकडेही चाचपा. क्वचित हृदय तिकडे असतं.

नंतर यकृत कुठे सुरू होतं ते शोधायला छातीच्या उजव्या बाजूला डावं मधलं बोट बरगड्यांमध्ये घट्ट टेकवून त्यावर उजव्या मधल्या बोटानं मनगटातून ठोका. आघातपरीक्षेची मूळ कल्पना लिओपोल्ड आउएनब्रुगरनं १७६१मध्ये मांडली. मात्र तो मध्ये बोट न ठेवता थेट छातीवर ठोकत असे. फुप्फुसावर पोकळ आवाज येतो, सहाव्या बरगडीच्या आसपास तो बद्द झाला की खाली यकृत आहे.

शेवटी सापडलेल्या ठोक्यावर स्टेथोस्कोप ठेवून ऐका. ठोका रेघेबाहेर वा सहाव्या जागेत असेल, तर हृदय वाढलेलं किंवा ढकललेलं असू शकतं. तसं लिहून वरिष्ठांना दाखवा.